ऑनलाइन पोकर बंद झालं, मग प्रोफेशनल खेळाडूच्या शिस्तीचं काय?

पोकरवर घर चालवणारा माणूस म्हटलं की कसिनो आणि रात्रीची जागरणं डोळ्यासमोर येतात. प्रत्यक्षात भारतातले अनेक प्रोफेशनल खेळाडू घरी, लॅपटॉपवर, ठरलेल्या वेळेत खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि ही घडी विस्कटली.

कशी, ते बघायला थोडं गणित करू.

पोकरमध्ये चांगला खेळाडूही सलग हरू शकतो. कौशल्याचा फायदा बारीक असतो, तो हजारो डावांनंतर दिसतो. म्हणून नियम ठरलेले: खेळाचे पैसे घरखर्चापासून वेगळे, एका वेळी त्यातला छोटा हिस्साच लावायचा, आणि गेलेले पैसे त्याच रात्री वसूल करायला बसायचं नाही. (हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.)

ऑनलाइन एकाच वेळी चार टेबलं उघडली तर तासाला साधारण २४० डाव होतात. समोरासमोर खेळताना पत्ते पिसण्या-वाटण्यातच वेळ जातो, त्यामुळे २५-३०. म्हणजे एक लाख डाव ऑनलाइन रोज चार तास खेळून साडेतीन महिन्यांत. कसिनोत रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, तरी वर्ष उलटतं. नशिबाचा वाईट काळही तेवढाच लांबतो. घरभाडं मात्र दर महिन्याला.

मुंबई-पुण्याच्या खेळाडूला जवळचा कायदेशीर पर्याय म्हणजे गोवा. तिथे प्रवास आणि हॉटेलचा खर्च आला, आणि खेळ रंगतो रात्री. झोप, जिम, घरचं जेवण सगळं हलतं. वर कर: ऑनलाइनला वर्षभराच्या निव्वळ कमाईवर ३० टक्के होता. कसिनोतल्या पत्त्यांच्या जिंकलेल्या रकमेवरही ३० टक्केच, पण त्यातून हरलेले पैसे वजा होत नाहीत.

सरकारने कारण दिलं ते व्यसनाचं आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबांचं. ते खोटं नाही. अशी शिस्त पाळणारे मूठभरच. पण कायद्याने कौशल्य आणि नशीब असा फरकच ठेवला नाही, त्यामुळे हे मूठभरही त्यातच आले.

आता काहीजण व्हीपीएन लावून परदेशी साइट्सवर जातात. कायद्यात खेळाडूला शिक्षा नाही, हे खरं. पण तिथे पैसे अडकले, तर तक्रार घेऊन जाणार कुठे?