मेल गेलीय, म्हणे!

"आमच्याकडून मेल गेलीय," असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला पाच दिवस पोस्टाच्या पेटीत कोंडावे, असे माझे नम्र मत आहे. पाचच का? तर लिनक्स सर्व्हरवर पोस्टफिक्स नावाचा जो टपालबाबू बसतो, तो अडलेले पत्र, वेगळे सांगितले नसेल तर, तेवढे दिवस उराशी धरून बसतो. मग परत करतो. तेही बहुधा कुणी न उघडणाऱ्या पेटीत!

वेबसाइटच्या पीएचपीला विचारा, मेल गेली का? ती म्हणणार, 'ट्रू'. म्हणजे पत्र घरातल्याच बाबूच्या हाती दिले. अहो, पत्र नवऱ्याच्या खिशात टाकले म्हणजे माहेरी पोचले, असे कुठली शहाणी बाई मानते?

इकडे कुणी पोरगा मुलाखतीच्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेला. त्याला सांगायचे, "स्पॅममध्ये बघा!" त्याने का बघायचे? तुम्ही बघा की! 'मेलक्यू' एवढे टाइप केले की तुंबलेली रांग दिसते. शेजारी कारणही लिहिलेले असते. २५ नंबरच्या पोर्टवर 'कनेक्शन टाइम्ड आउट' असेल, तर पुष्कळदा सर्व्हर भाड्याने देणाऱ्यानेच ते दार लावून घेतलेले असते. फुकट्या जाहिरातींच्या भीतीने कितीतरी क्लाउडवाले असे करतात. अशा वेळी ५८७ वरून दुसऱ्या मेल-सर्व्हरमार्फत टपाल धाडावे लागते. पण साहेब काय करतात? सर्व्हर रीस्टार्ट!

"आता गेली बघा."

पोरगा पुन्हा स्पॅम चाळतो. मुलाखत मंगळवारी होती.