महानायकांचे वास्तव : प्रमाणाचा प्रश्न की स्थानाचा?

सुपरहिरोंच्या कथांत आणि त्यांवरील चित्रपटांत वास्तव किती असावे, हा प्रश्न असा विचारला जातो की जणू वास्तव हा मिठासारखा पदार्थ असून तो कमीअधिक घालून कथेची चव साधता येते. एक पक्ष म्हणतो, उडणारा मनुष्य एकदा मान्य केला की पुढे कशाचीच चिकित्सा करण्यात अर्थ नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पोशाखाचे कापड, गाडीचे यंत्र आणि नायकाचे मनोविकार यांचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले की हा बालिश प्रकार प्रौढ होतो. पहिल्या पक्षाचे म्हणणे आळसाचे आहे. ते खोडून काढण्यास फार श्रम पडत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे अधिक घातक आहे, कारण त्याला समीक्षेत आणि बाजारात एकाच वेळी प्रतिष्ठा लाभली आहे. 'वास्तववादी' हे विशेषण येथे वर्णनासाठी वापरले जात नाही, तो प्रौढत्वाचा दाखला झाला आहे.

वस्तुतः अशक्याचे काव्यातील स्थान हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरेही आजच्या चर्चेपेक्षा सूक्ष्म आहेत. शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण संभाव्य वाटणारी घटना कवीने पसंत करावी, हे ॲरिस्टॉटलचे मत सर्वपरिचित आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात केलेली चर्चा प्रस्तुत संदर्भात याहून उपयुक्त ठरते. केवळ मानवी असलेल्या राजाने सप्तसमुद्र उल्लंघिल्याचे वर्णन कितीही सुंदर असले तरी नीरस होते, असे तो म्हणतो. मग सातवाहनादी राजे नागलोकी गेल्याच्या कथांचे काय, हा आक्षेपही तोच उपस्थित करतो. त्याचे उत्तर असे की राजांचा लोकोत्तर प्रभाव वर्णिणे अनुचित नाही. परंतु केवळ मानवाच्या आश्रयाने रचलेल्या कल्पित कथेत दिव्याचे औचित्य योजू नये. कथा दिव्य-मानुष असेल तर मात्र दोन्ही औचित्ये योजण्यास विरोध नाही.

सुपरहिरोची कथा ही नेमकी दिव्य-मानुष कथा आहे. तिच्यातील सामर्थ्याला दिव्याचे औचित्य लागू पडते. त्या सामर्थ्याची झळ ज्यांना पोहोचते त्या समाजाला, देहांना आणि संस्थांना मानुषाचे. आजच्या 'वास्तववादी' रूपांतरांनी ही वाटणी उलटी केली आहे. ती दिव्याला मानुषाचे नियम लावून त्याचा तपशीलवार खुलासा करत बसतात, आणि मानुषाला मात्र दिव्याची सूट देऊन मोकळे सोडतात.

या प्रकाराचा आरंभ पाहिला तर हा विपर्यास ठळक दिसतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते, नाकतोडा लांब उडी मारतो, एवढ्या दाखल्यावर त्याच्या बळाचे 'शास्त्रीय' स्पष्टीकरण आटोपले आहे. मात्र हा सुपरमॅन ज्या जगात वावरतो ते जग महामंदीच्या अमेरिकेचे आहे. तो बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि भ्रष्ट सिनेटरशी संधान बांधणाऱ्या दलालाचा पाठलाग करतो. तिसऱ्या अंकात तर खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवून तिची अवस्था अनुभवावयास लावतो. यंत्रणेचा खुलासा दोन चित्रांचा, आणि अन्यायाचे आकलन संपूर्ण कथेचे! या भाबड्या पानांत वास्तव जागच्या जागी आहे.

याच्या तुलनेत ख्रिस्तोफर नोलनच्या बॅटमॅन-चित्रत्रयीकडे पाहावे. तिचा आरंभ २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'ने झाला. त्यात विद्युत्प्रवाहाने ताठ होणारे कापड आहे, सैन्यासाठी बनवलेले वाहन आहे. प्रत्येक वस्तूला जणू उत्पत्तीचा दाखला जोडलेला आहे. परंतु ज्या संपत्तीतून हे सारे उभे राहते ती संपत्ती शहराच्या दैन्याशी कोणत्या नात्याने बांधली आहे, हा प्रश्न थोरल्या वेन दांपत्याच्या परोपकारापाशीच थांबतो. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये शहरातील प्रत्येक मोबाइल फोन पाळतीचे साधन बनतो. इतकी सत्ता एका व्यक्तीच्या हाती नसावी, असा आक्षेप ल्युशियस फॉक्स घेतो, हे दिग्दर्शकाच्या श्रेयाचे. पण चित्रपट त्या आक्षेपाचे काय करतो? यंत्र एकदाच वापरले जाते, गुन्हेगार सापडतो, यंत्र नष्ट होते. सत्तेवरील नियंत्रणाचा राजकीय प्रश्न एका सज्जनाच्या शब्दपालनाने मिटतो! आणखी एक विसंगती नोंदवावयास हवी. या चित्रपटातील सर्वांत प्रभावी पात्र जोकरचे आहे. तो आपल्या चेहऱ्यावरील व्रणांच्या दोन परस्परविरोधी हकिकती सांगतो आणि चित्रपट त्यांतील कोणतीही खरी ठरवत नाही. स्पष्टीकरणाचा एवढा अट्टाहास असलेल्या कलाकृतीला तिचे बळ अस्पष्टीकृतातून मिळावे, हे त्या अट्टाहासाचेच खंडन आहे.

झॅक स्नायडरच्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (२०१३) इमारती अत्यंत खऱ्या वाटाव्यात अशा कोसळतात. त्यांत कोण मेले याची मात्र दखल जवळजवळ नाही. २०१६ च्या पुढील चित्रपटाला तोच संहार जमिनीवरून, ब्रूस वेनच्या नजरेने, पुन्हा दाखवावा लागला. ही दुरुस्ती म्हणजे मूळ उणिवेची कबुलीच होय. उलट, १९७३ मध्ये 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१ व्या अंकात ग्वेन स्टेसी पुलावरून खाली पडते; स्पायडर-मॅन तिला जाळ्याने पकडतो आणि चित्रात तिच्या मानेजवळ एक बारीक आवाज उमटतो. जाळे कसे तयार होते याची चर्चा तेथे नाही. पडणारा देह एकाएकी थांबवला तर त्याचे काय होते, एवढाच नियम आहे. आणि तो नायकाच्या पराक्रमालाच अपराधाची छाया देतो. वास्तव येथे कारणात शोधलेले नाही, ते परिणामात आहे.

या विवेचनावर 'वॉचमेन'चे (१९८६-८७) उदाहरण पुढे केले जाईल. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या या बारा अंकी कृतीनेच या प्रकाराला वास्तवाची दीक्षा दिली, असे म्हटले जाते. ते खरेही आहे. पण कोणत्या वास्तवाची? तेथे अतिमानवी सामर्थ्यामुळे व्हिएतनाम युद्धाचा निकाल बदलतो, मुखवटेधाऱ्यांवर कायद्याने बंदी येते आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर एक वृत्तपत्रविक्रेता व एक मुलगा अंकामागून अंक बोलत, वाचत राहतात. शेवटचे अरिष्ट एका अवाढव्य, अनेक शुंडांच्या प्राण्याचे आहे, म्हणजे सर्वथा अशक्य. तरीही बाराव्या अंकाच्या आरंभीची प्रेतांची पानभर चित्रे असह्य होतात, कारण ती माणसे वाचकाच्या ओळखीची झालेली असतात. २००९ च्या चित्रपटाने तो प्राणी वगळला, हाडे मोडण्याची दृश्ये ठसठशीत केली आणि प्रदर्शित आवृत्तीत त्या कोपऱ्यावरच्या माणसांना जवळजवळ गाळून टाकले. अशक्य कमी झाले, रक्त वाढले, आणि वास्तव मात्र घटले.

असा आक्षेप संभवतो की मानुष औचित्याचा आग्रह शेवटपर्यंत नेला तर हा प्रकारच कोसळेल. पर्वत हलवणारा नायक दारिद्र्य का हटवत नाही, याला उत्तर नाही. उंबेर्तो एको यांनी १९६२ मधील सुपरमॅनविषयक निबंधात हीच फट दाखवली होती : जग बदलण्याचे सामर्थ्य असलेला हा नायक मुख्यतः मालमत्तेवरील हल्ले परतवतो आणि त्याचा चांगुलपणा दानधर्माच्या मर्यादेत राहतो. परंतु ही फट बुजवलीच पाहिजे, असे कोणी म्हणत नाही. आपण कोणते परिणाम स्वीकारले आणि कोणते टाळले, याचे भान कृतीला असावे, एवढीच अपेक्षा आहे. काळोखी छायाचित्रण आणि यंत्रांचे तपशील त्या भानाची जागा घेऊ शकत नाहीत. उलट ते टाळाटाळ झाकण्यास मदत करतात. अमर्याद सत्ता तांत्रिकदृष्ट्या विश्वसनीय झाली की ती नैतिकदृष्ट्याही विश्वासार्ह भासू लागते, आणि या तथाकथित वास्तववादाचा खरा धोका येथे आहे.

म्हणून समीक्षेने 'किती वास्तव?' हे माप टाकून द्यावयास हवे. सामर्थ्य कोठून आले, हे कथेने दोन ओळींत सांगितले तरी चालेल. ते ज्यांच्यावर कोसळले त्यांची नावे तिने विसरता कामा नये.