फीत हसली तेव्हा

वाचकहो, घरातल्या यंत्रांची दुखणीखुपणी सांगणारे हे आपले सदर वर्षभर मिक्सर, गीझर आणि इस्त्री ह्यांच्या मागे धावत असते. दिवाळी अंकासाठी मात्र फराळाच्या ताटाशेजारी शोभेल असे काही लिहा, असा संपादकांचा आग्रह असतो. योगायोग असा, की यंदा आमच्या घरात यंत्र आणि फराळ एकाच टेबलावर भेटले. त्याचीच ही हकीकत.

मुलुंड पूर्वेची आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घरे रिकामी करण्याची तारीख जिन्यात चिकटली. मुंबईच्या उपनगरांत सध्या हे सगळीकडेच चालू आहे. तेव्हा त्यातले सुखदुःख सांगत बसत नाही. एवढेच सांगतो, की माणूस खरा कसा आहे हे त्याचा माळा उपसला म्हणजे कळते. आमच्या माळ्यावरून तांब्याचा बंब निघाला, तीनच पाय असलेला टीपॉय निघाला आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यातून एक व्हिडिओ कॅमेरा व काडेपेटीहून थोड्या मोठ्या अशा नऊ कॅसेटी निघाल्या.

“ह्याला भाव नाही साहेब,” भंगारवाला म्हणाला. “प्लास्टिकमध्ये घालतो.”

कॅसेटी तराजूत पडल्यासुद्धा होत्या. इतक्यात आमच्या सौ.ने त्यातली एक उचलली आणि ती तिथेच स्टुलावर बसली. कॅसेटीच्या पाठीवर माझ्या मेहुण्यांच्या अक्षरात लिहिले होते : ‘दिवाळी १९९९. माईंचे अनारसे.’

माई म्हणजे माझी आई. २००२ साली ती गेली. तिची छायाचित्रे घरात आहेत. पण छायाचित्र बोलत नाही. तिचा आवाज ह्या जगात कुठे उरला असेल, तर तो त्या पाव इंच रुंदीच्या फितीवर. भंगारवाल्याला बंब दिला, टीपॉय दिला आणि कॅसेटी परत घेतल्या.

आता ही गोष्ट चित्रपटांची राजधानी म्हणवणाऱ्या ह्या शहराला नवी नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जिथे बोलपटांच्या थोरल्या भावाची ही गत, तिथे आमच्या माईंच्या अनारशांची काय कथा! माझ्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटी कुर्ल्याला तळमजल्यावरच्या घरात होत्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या रात्री तिचे लग्न कपाटातच बुडाले. २०१९ साली युनेस्कोने जगभरच्या संग्रहालयांना चुंबकीय फितींबद्दल धोक्याची सूचना दिली. तिचा मथितार्थ असा, की फीत कदाचित टिकेल, पण ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात टिकणार नाहीत. संग्रहालयांना जे लागू, ते माळ्यांनाही लागू.

तेव्हा कामाला लागलो. आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिली चूक माझीच. कॅसेट हाती येताच ती कॅमेऱ्यात घालण्याची मला घाई झाली. सूनबाईंनी हात धरला. “बाबा, आधी उजेडात धरून बघा.” खिडकीपाशी नेऊन पाहिले, तर नवांपैकी एका कॅसेटीच्या फितीच्या कडेला पांढुरके ठिपके होते. ही बुरशी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेची ही देणगी. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घातली, की बुरशी आतल्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना प्रसाद वाटत सुटते. ती एक बाजूला ठेवली. ते काम जाणकाराचे. बाकीच्या दिवसभर कोरड्या खोलीत ठेवल्या, आणि मग प्रत्येक एकदा शेवटापर्यंत पुढे पळवून परत मागे आणली. वर्षानुवर्षे एकाच जागी गुंडाळून बसलेली फीत त्यामुळे जरा मोकळी होते.

कॅमेऱ्याची बॅटरी अर्थातच मेलेली होती. तिच्यासाठी हळहळू नका; कॅमेरा अडॅप्टरवर उत्तम चालतो. आमचा कॅमेरा मेहुण्यांनी न्यू जर्सीहून आणलेला. तिकडची वीज १२० व्होल्टची, तेव्हा मी घाबरलो होतो. पण अडॅप्टरच्या पाठीवर ‘१०० ते २४०’ असे छापलेले होते. तसे असेल तर फक्त पिन बदलावी लागते. तसे छापलेले नसेल तर मात्र प्लगला हात लावू नका.

मग वायर. कॅमेऱ्याला नेहमीची यूएसबीची वायर लागते हे पाहून चिरंजीव म्हणाले, “बाबा, पाच मिनिटांचं काम!” ती पाच मिनिटे अडीच दिवस चालली. संगणकावर चार स्थिर छायाचित्रे आली, चित्रफीत काही येईना. ह्याचे कारण समजून घ्या, कारण पुष्कळ घरे इथेच अडतात. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबीची वाट छायाचित्रांसाठी ठेवलेली असे; खरी चित्रफीत जाते ती ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ असे लिहिलेल्या चिमुकल्या भोकातून. त्या वाटेचे रूढ नाव फायरवायर. हल्लीच्या लॅपटॉपांना ही वाट नसते. आम्हांला चिरंजीवांचा कॉलेजातला जुना डेस्कटॉप आठवला. त्यात बसवायचे फायरवायरचे कार्ड शोधायला लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानदाराने “अहो, हे आता म्युझियममध्ये बघा” असे सुनावले. दुसऱ्याने खोक्याच्या तळातून धूळ झटकून एक काढून दिले. जगात दोन्ही प्रकारची माणसे असतात, हे जाणून दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.

एक सावधगिरी : ही वायर लावताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. ह्या वायरीतून वीजही वाहू शकते. पिन उलटी बसली तर कॅमेऱ्याची ती वाट कायमची जळते. आणि असा जुना संगणक इंटरनेटला जोडू नका. त्या म्हाताऱ्याला आता बाहेरची हवा सोसत नाही.

वायर लागली, कॅमेरा ‘प्ले’वर ठेवला आणि पडद्यावर १९९९ सालचे आमचे स्वयंपाकघर उमटले! जुना ओटा, भिंतीवरची मांडणी, आणि पाठमोरी माई. सौ.ने पदर डोळ्यांना लावला. आता आई वळणार, एवढ्यात संगणकाने खेळ थांबवला.

पुन्हा लावले, पुन्हा चूक. आमच्या संगणकाला ‘पाल’ पद्धतीचे चित्र हवे होते. भारतात चित्र सेकंदाला २५ वेळा बदलते. अमेरिकेत जवळजवळ ३० वेळा, आणि त्या पद्धतीला ‘एनटीएससी’ म्हणतात. कॅमेरा अमेरिकेतला, म्हणून फीतही अमेरिकन. संगणकात तेवढी एक खूण बदलली आणि गाडी रुळावर आली. उलट चिरंजीवांच्या २००१ सालच्या मुंजीची कॅसेट इथल्या छायाचित्रकाराची, म्हणजे ‘पाल’ची. ती आमच्या कॅमेऱ्यात नुसता निळा पडदा दाखवत होती. आम्ही ती खराब समजून टाकणारच होतो. बोरिवलीच्या आतेभावाच्या कॅमेऱ्यात ती ठणठणीत निघाली. तात्पर्य, एका यंत्राने नकार दिला म्हणून कॅसेट मेली असे समजू नये.

पुढची गंमत अशी, की उतरवून घेणे दर वेळी एकोणीस-वीस मिनिटांनी बंद पडे. घड्याळ लावावे इतके नेमके! चिरंजीवांनी बरेच डोके खाजवले, तेव्हा उलगडा झाला. ह्या फितीचे एका तासाचे चित्र संगणकात सुमारे १३ जीबी जागा घेते. आणि आम्ही जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीने आखलेली होती. त्या पद्धतीत एका फाईलला ४ जीबीहून अधिक जागा मिळत नाही. चार जीबी म्हणजे बरोबर ती एकोणीस-वीस मिनिटे. डिस्क ‘एनटीएफएस’ पद्धतीने नव्याने आखली आणि अडचण संपली. मात्र आखताना डिस्कवरचे सारे पुसले जाते. आधी ते दुसरीकडे हलवा. आणि जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून लहान करण्याचा मोह टाळा. कित्येक प्रोग्राम न विचारता तसे करतात. तिथे ‘डीव्ही’ असा पर्याय निवडा. आधी दूध जसेच्या तसे उतरवून घ्या. बासुंदी नंतर करता येते.

एवढे झाल्यावर वाटले, आता झालेच. माईने चुलीवर कढई ठेवली, खसखशीवर अनारसा थापला, हलकेच तुपात सोडला, आणि कॅमेऱ्याकडे वळून काही बोलू लागली. तोच तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले आणि आवाज तुटला. तिथेच, दर वेळी तिथेच.

“अहो, फीत हसली!” सौ. म्हणाली.

मुंबई-पुण्याच्या गृहिणींना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. अनारसा तुपात विरघळून फुटला, की तो ‘हसला’ म्हणतात. आमची फीतही तशीच हसली होती.

फीत का हसते? कॅमेऱ्यात एक चिमुकला गोल ढोल मिनिटाला ९,००० फेरे घेतो आणि त्यावरची दोन हेड फितीवरच्या तिरप्या रेघा वाचतात; सेकंदाला ३०० रेघा. एकेका रेघेची रुंदी एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. आपला केस तिच्या कितीतरी पट जाड असतो. तेव्हा हेडवर धुळीचा एक कण बसला तरी चित्राचे चौकोन होतात. प्रश्न एवढाच, की दोष हेडचा की फितीचा? परीक्षा सोपी आहे. सगळ्याच कॅसेटी हसत असतील तर हेड मळले. एकच हसत असेल तर ती फीत. आमच्या दोन-तीन कॅसेटी हसू लागल्या होत्या. हेड साफ करायची कोरडी कॅसेट मिळते, ती फक्त दहा सेकंद चालवली. जास्त चालवू नये; ती हेडही घासते. स्पिरिटचा बोळा घेऊन आत हात घालण्याचा शूरपणाही करू नये. मी करणार होतो; सौ.ने बोळा काढून घेतला.

माईची कॅसेट पुन्हा लावली. आम्ही पाचही जण, आठ वर्षांच्या नातीसकट, टेबलाभोवती उभे. चित्र स्वच्छ आले. कढईतला अनारसा हसला होता, आणि आई म्हणत होती :

“गूळ जास्त झाला ना, की हसतो हो. मग रडत नाही बसायचं. थोडी पिठी मिसळायची आणि दुसरा सोडून बघायचा.”

कुणी बोलले नाही. थोड्या वेळाने सौ. म्हणाली, “हे मला ठाऊक होतं हो सगळं. पण त्यांच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.”

नातीचा मात्र वेगळाच प्रश्न. चित्राच्या कोपऱ्यात वेळ उमटत होती : सकाळचे साडेआठ. आणि खिडकीबाहेर तर अंधार, दारात पणत्या! ह्या फितींवर तारीख-वेळ गुपचूप लिहिलेली असते. कॅमेऱ्याच्या मेनूतून ती दिसते. मेहुण्यांनी घड्याळ न्यू जर्सीचेच ठेवले होते. आमच्या घरात संध्याकाळचे सात वाजले होते. कॅमेरा मात्र अजून तिकडच्या सकाळीच होता.

आता थोडे तुमच्यासाठी. ह्या कामाला घाईचा उपाय नाही. तासाची फीत उतरायला तासच लागतो. तेवढा वेळ संगणकावर दुसरे काम करू नका आणि तो झोपी जाणार नाही अशी सोय करा, नाहीतर मधली चित्रे गळतात. कॅसेट थोडी मोठी, आठ मिलिमीटर फितीची असेल, तर तिचा कॅमेरा वेगळा; त्यात व्हिडिओ-८, हाय-८ आणि डिजिटल-८ असे तीन दिसायला सारखे भाऊ आहेत, तेव्हा वरचे नाव वाचा. व्हीएचएस असेल तर पिवळी-लाल-पांढरी वायर आणि संगणकाला जोडायची एक छोटी डबी लागते. काम झाले, की तीन प्रती करा : एक घरात, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात. कुर्ल्याचे पाणी तिन्ही ठिकाणी एकदम पोचत नाही. मूळ कॅसेटीही टाकू नका. उभ्या, कोरड्या जागी ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम यंत्राचे नाहीच. आमच्या लक्ष्मीपूजनाच्या चित्रात दारापाशी हिरव्या साडीतल्या एक बाई उभ्या आहेत. त्या कोण, हे आम्हां कोणालाच सांगता आले नाही. शेवटी घाटकोपरच्या मावशींनी ओळखले. मावशी आता पंच्याऐंशीच्या आहेत. म्हणून भाऊबीजेला सगळे जमाल तेव्हा फराळ झाल्यावर पत्ते काढण्याऐवजी जुनी फीत लावा, आणि कोण कोण आहे ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून घ्या.

आम्ही भाड्याच्या घरात आलो आहोत. माळा नाही, त्यामुळे लपवायला जागाही नाही. परवा सौ.ने अनारसे केले. पहिलाच हसला. नात ओट्याशी उभी होती, तिने पणजीच्या सुरात सांगितले, “रडत नाही बसायचं. थोडी पिठी मिसळ.”