तसबीर कोणत्या खोलीत?



भीमजयंतीच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत संपादकांनी प्रथम जाहिरातदारांचे आभार मानावेत आणि मग समाजाने एकत्र यावे असे आवाहन करावे, असा रिवाज आहे. आभार शेवटच्या पानावर मानले आहेतच. समाज एकत्र येतो तो जेवणाच्या वेळी. व्याख्यान चालू असताना तो बाहेर मोटारींपाशी गप्पा मारीत असतो, हे वाचकांस ठाऊक आहे. तेव्हा यंदा या पानावर निराळ्याच विषयावर लिहावे असे आम्ही ठरविले.

अमेरिकेतील आपल्या बांधवांच्या घरी जाण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. बहुतेक घरांत बाबासाहेबांची तसबीर असते. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या खोलीत असते? काही घरांत ती दर्शनी भिंतीवर असते, काहींत झोपण्याच्या खोलीत कपाटाशेजारी. आणि काही घरांत तिला पाय फुटलेले असतात! एरवी ती बैठकीत असते; कचेरीतील भारतीय मंडळी जेवावयास येणार म्हटले, की आत जाते. बुद्धमूर्तीला मात्र हलावे लागत नाही. इकडे ती कोणाच्याही घरी शोभेची वस्तू म्हणून खपून जाते. तथागतांच्या वाट्याला असे निरुपद्रवीपण यावे, याची मौज वाटते आणि खेदही होतो.

अशा घरांना भित्री म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या वरिष्ठाच्या शब्दावर बढती आणि प्रसंगी व्हिसाही अवलंबून आहे, त्याला ताटावर बसविताना मनुष्य दहा वेळा विचार करतो. हा पाहुणाही मोठा जिज्ञासू असतो. गायकवाड, जाधव, मोरे अशी आडनावे ऐकून त्याची पंचाईत होते, कारण ती सर्वांचीच असतात. मग 'मूळ गाव कोणते?', मग 'घरी नॉनव्हेज चालते का?', मग 'लग्न कोणत्या पद्धतीने झाले?' भूगोल, पाकशास्त्र आणि धर्मशास्त्र या तिन्ही विषयांत एकाच बैठकीत इतका रस घेणारा विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठास भूषणावह ठरावा!

ओळख झाकण्याची पाळी प्रत्यक्ष बाबासाहेबांवरही आली होती. कोलंबिया विद्यापीठातील आणि लंडनमधील शिक्षणानंतर १९१७ साली ते बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नमूद केले आहे. राहावयास जागा मिळेना, म्हणून त्यांनी एका पारशी सरायीत पारशी नाव लावून मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. यापुढील हकीकत आम्हांस अधिक बोलकी वाटते. बाबासाहेब एका हिंदू मित्राकडे गेले. मित्र हळहळला, पण म्हणाला, तुम्हांस घरात घेतले तर माझे नोकर निघून जातील. मग ते एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. तो म्हणाला, पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारावे लागेल. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण होते. त्या रात्री बाबासाहेबांनी मुंबईची गाडी धरली.

मित्र दोघेही भले होते. जात पाळणारा दर वेळी दुसराच कोणी होता : एकाकडे नोकर, दुसऱ्याकडे पत्नी. मनुष्यस्वभावाचा हा नमुना शंभर वर्षांत जराही जुना झालेला नाही. 'आमचे काही नाही हो, पण आई जुन्या वळणाची आहे', हे वाक्य न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत सर्वत्र ऐकू येते. ती आई बिचारी सातासमुद्रापलीकडे असते आणि इकडील सोयरीक तिच्या नावावर मोडली जाते. आपल्यातही सोयरिकीच्या वेळी पोटजातीची कुजबुज होते आणि तेव्हाही दोष गावाकडच्या काकांच्याच माथी बसतो, हे जाता जाता नमूद करणे भाग आहे.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले विधेयक मात्र राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले; विद्यमान कायद्यांत अशा भेदभावास बंदी आहेच, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांचा युक्तिवाद तर याहून मजेदार होता. इकडे जात नाहीच, कायदा केला तर ती मुलांना नव्याने कळेल, असे ते सांगत. जे नाहीच त्यावर बंदी आल्याने एवढी झोप का उडावी, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही. जातिसंस्था हिंदूंबरोबर जगभर जाईल, हा केतकरांचा इशारा बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियातील आपल्या निबंधात उद्धृत केला होता.

'मुलांना कशाला सांगायचे?' असे आपलेही काही पालक म्हणतात. त्यांची माया आम्ही जाणतो. परंतु ही गोष्ट मुलांना कोणी ना कोणी सांगणारच आहे. वसतिगृहातील सोबती सांगेल किंवा पहिल्या नोकरीतील साहेब सांगेल, आणि तो ती आपल्या सोयीने सांगेल. चवदार तळ्याची हकीकत मुलाने प्रथम आपल्या घरच्या भाषेत, आपल्या माणसांच्या तोंडून ऐकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय मूल घरात वावरते. पाहुणे यावयाच्या आधी भिंतीवरून काय उतरते, हे ते न सांगता पाहते.

यंदा बालविभागासाठी 'आजोबांचे गाव' हा विषय दिला होता. अकरा निबंध आले. एका मुलीने आजीला दूरध्वनी करून गावात पाणवठे दोन का होते असे विचारले, आणि आजी जे बोलली ते तिच्याच शब्दांत उतरविले. त्या मजकुरास आम्ही हात लावलेला नाही. तीन पालकांनी निबंध छापावा, पण आडनाव छापू नये, असे कळविले. त्यांच्या इच्छेस मान देऊन तेथे मुलांची नुसती नावे दिली आहेत. चौथ्या निबंधाखाली आम्ही तसेच करणार होतो, तोच त्या नऊ वर्षांच्या लेखकाचा निरोप आला, की नाव पूर्ण छापावे, वडिलांची परवानगी त्याने स्वतःच काढली आहे. निबंध पान २३ वर आहे.