वाचवायला उतरलेला माणूस

26 नोव्हेंबर 2015. केंद्र सरकारने जाहीर केलेला पहिला संविधान दिन. त्याच दिवशी केरळात, कोळिकोडला, आंध्र प्रदेशातून कामाला आलेले दोन सफाई कामगार मॅनहोलमध्ये गुदमरले. जवळच असलेला एक रिक्षाचालक त्यांना काढायला आत उतरला. तिघेही गेले.

गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण फार वाढले की वास कळेनासाच होतो. मग काही श्वासांत माणूस कोसळतो. म्हणूनच अशा बातम्या पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येतात: एक उतरला, वर आला नाही, त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. कधी भाऊ, कधी बापलेक.

जीव क्षणभंगुर असतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तो सगळ्यांचा सारखाच क्षणभंगुर नसतो. कोणाचा जीव किती स्वस्त, हे या देशात जात ठरवते.

कायदे नाहीत असे नाही. 1993 चा आहे, 2013 चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायला सांगितले, 2023 मध्ये ती भरपाई 30 लाख केली. तरी 2021 मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले की हाताने मैला साफ करताना कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारातले मृत्यू ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या रकान्यात गेले. रकाना बदलला की मेलेला माणूसही हिशेबातून नाहीसा होतो.

हे सरकारपुरतेच नाही. मी भाड्याने राहते त्या सोसायटीची सेप्टिक टाकी गेल्या पावसाळ्यात तुंबली. सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिले, “माणूस बोलावलाय, दोनशे रुपये काढा.” जातीवर प्रबंध लिहिणाऱ्या मी पैसे पाठवले आणि अंगठा दाखवून मोकळी झाले. तो माणूस टाकीत उतरला. सुखरूप वर आला, हा निव्वळ योगायोग. त्याचे नाव मी विचारले नाही.

आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर. वस्तीतून फ्लॅटमध्ये आलो, पण आपल्या मोरीचे पाणी जिथे जाते तिथे आजही आपलाच कोणीतरी उभा आहे. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेपासून बंधुता वेगळी काढू दिली नाही. कोळिकोडच्या त्या रिक्षाचालकाने उतरण्यापूर्वी आतल्यांची जात विचारली नसावी. बंधुता म्हणजे तेच. पण तिच्यासाठी कोणाला मरावे लागू नये.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर मेसेज आला की अंगठा दाखवू नका. विचारा: यंत्र येणार की माणूस? माणूस उतरवणार असतील तर अडवा, 14420 या मदतवाहिनीवर तक्रार करा. वाईटपणा येईल. येऊ द्या. शिकलेल्या माणसाने एवढा वाईटपणा घ्यायलाच हवा.

जय भीम.