लेकरू ‘आमेन’ म्हणालं म्हणून काय बिघडलं?

गेल्या रमजानमध्ये माझी बहीण लेकीला घेऊन कुंभार पिंपळगावला आली होती. लेक चार वर्षांची, शहरातल्या एका ख्रिस्ती शाळेत ज्युनिअर केजीला जाते. इफ्तारच्या वेळी दस्तरखानावर सगळे बसले. पोरीने खजूर हातात घेतला, डोळे मिटले, इंग्रजीत दोन ओळी पुटपुटली आणि शेवटी खणखणीत आवाजात ‘आमेन’ म्हणाली.

झालं! तिचे मामू भडकले. लेकरू हातचं गेलं, ईमान गेलं, आजच्या आज दाखला काढा. तरावीहची वेळ होईपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता.

रात्री भांडी घासताना बहिणीने मला वेगळंच सांगितलं. दोन महिन्यांपासून पोरीच्या दप्तरात ओला फ्रॉक घरी येतो. तिला लघवीला जायचं असलं तरी ती विचारत नाही. इंग्रजीत विचारता येत नाही. ‘मेरे कू जाना’ असं घरच्या बोलीत म्हटलं की बाई म्हणतात, ‘इंग्लिशमध्ये बोल.’ मग पोर गप्प बसते आणि जे व्हायचं ते होतं. शाळेत जायच्या आधी ही पोर दिवसभर बडबडायची. आता पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही.

घरात तीन तास वाद झाला तो ‘आमेन’चा. ओल्या फ्रॉकबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी ‘आमेन’चं बघू. नमाजमध्ये सूरह फातिहानंतर आपण ‘आमीन’ म्हणतो. हा तोच शब्द आहे, हिब्रूतून आणि अरबीतून आलेला सख्खा भाऊ. ज्या मरियमची गोष्ट तिला नाताळच्या कार्यक्रमात सांगितली जाते, तिच्या नावाने कुरआनात आख्खी सूरह आहे, एकोणिसावी. हजरत ईसांना आपण पैगंबर मानतो, ते त्यांना खुदाचा पुत्र मानतात. हा फरक मोठाच आहे आणि तो लेकराला घरात समजावून सांगायचा असतो. चार वर्षांच्या पोरीला जेवणाआधी देवाचे आभार मानायची सवय लागली असेल, तर तिला ‘बिस्मिल्लाह’ शिकवायला किती वेळ लागतो? ज्या घराचं ईमान दोन ओळींच्या प्रार्थनेने डळमळतं, त्या घराने शाळेकडे बोट दाखवण्याआधी स्वतःकडे बघावं.

तरीही प्रार्थना नको असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 (3) मध्ये सोय आहे. मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत पालकाच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. शाळेला लेखी द्या, विषय संपला. ओरडणारे आपण एकटेच आहोत असंही नाही. डिसेंबर आला की धर्मांतराची हाकाटी करत बहुसंख्याकांच्या संघटनाही शाळांच्या दारात उभ्या राहतात. त्यांची आणि आपल्या मामूंची भाषा एकच असावी, याची मला जास्त काळजी वाटते.

पण भाषेच्या लाजेविरुद्ध असा अर्ज कुठे करायचा? घरची बोली बोलली की चूक, हे लेकरू केजीत शिकतं. त्याला कुणी हा धडा म्हणून देत नाही, म्हणूनच तो पक्का बसतो. दादी अडाणी, अम्मीला काही येत नाही, आपण घरात बोलतो ते शाळेत बोलायच्या लायकीचं नाही, हे सगळं ते चौथ्या वर्षी समजून घेतं. युनेस्कोने 1953 च्या अहवालातच लिहून ठेवलं की लेकराचं शिक्षण मातृभाषेतून सुरू व्हावं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. आपल्याकडे मात्र फी जितकी जास्त तितकी मातृभाषेला बंदी कडक.

आणि हे ख्रिस्ती धर्माच्या खात्यावर टाकू नका. आपल्याच जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे गाव वसवलं. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ काढलं, त्यात मराठी होती. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. रेव्हरंड टिळक ख्रिस्ताची भजनं मराठीत रचत होते. आजही मराठवाड्यातल्या खेड्यांतले ख्रिस्ती रविवारी मराठीतच प्रार्थना करतात. मग पाण्यालासुद्धा इंग्रजीतच मागायची ही सक्ती आली कुठून? बाजारातून आली, आणि गिऱ्हाईक आपण आहोत. म्हणून तर पाटीवर ‘सेंट’ लिहिलेल्या अनेक शाळांचा चर्चशी काही संबंध नसतो. ‘सेंट’ लिहिलं की फी वाढवता येते, हे चालकांना कळलंय.

किंडरगार्टन ही कल्पना ज्याने मांडली त्या फ्रोबेलला आठवा. तो पाद्र्याचा मुलगा. 1840 मध्ये त्याने हे नाव दिलं, मुलांची बाग. खेळ, गाणी, माती, ठोकळे आणि आईची भाषा. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली, कारण त्यातून नास्तिकपणा पसरतो असा संशय! म्हणजे लहान मुलांच्या शाळेत धर्म बुडतो ही आवई पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव असलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे.

आता आपल्या लोकांना विचारते. पालक ख्रिस्ती शाळेकडे का धावतात? कारण तिथे लेकरू रांगेत उभं राहायला, हात धुवायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं. दुसऱ्याला लागलं तर ‘सॉरी’ म्हणतं. बाई वेळेवर येतात. यातलं काय वाईट आहे? आणि यातलं काय आपल्याला उर्दूतून, मराठीतून शिकवता येत नाही? आपल्याकडे चार वर्षं चार महिने चार दिवसांच्या लेकराची बिस्मिल्लाहख्वानी करायची रीत आहे. शिक्षण कधी सुरू करायचं, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं. आज त्यातली दावत आणि फोटो राहिले. दुसऱ्या दिवशी त्या लेकराने कुठे बसायचं, याची सोय जमातीने केली नाही. जलशांना वर्गणी जमते, बालवाडीला जमत नाही. आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक स्टाफरूममध्ये मादरी जबानवर तकरीर करतो आणि आमचीच पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. मीही पाहुण्यांसमोर भाचीला विचारलंय, ‘व्हॉट इज धिस? टेल आंटी.’ ती मान खाली घालून बसली आणि मला तिचा राग आला होता. आज स्वतःचा येतो.

इंग्रजीला माझा विरोध नाही. ती शिकलीच पाहिजे, पण घरच्या बोलीवर पाय देऊन नाही. प्रवेश घेताना शाळेला प्रार्थना कोणती म्हणता हे खुशाल विचारा, पण त्याआधी विचारा: माझ्या लेकराने ‘पानी होना’ म्हटलं तर पाणी मिळेल का? वर्गात त्याची बोली समजणारी एक तरी बाई आहे का? शाळा मराठी असो, उर्दू असो, इंग्रजी असो, हाच प्रश्न विचारा. आमच्या अंगणवाडीलाही विचारा, कारण दख्खनी बोलणारं लेकरू तिथेही गप्प बसलेलं मी पाहिलंय.

बहिणीने ईदनंतर शाळेत जाऊन हा प्रश्न विचारला. बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग ‘सू’ला जायचं असेल तर नुसता हात वर कर, एवढं तरी मान्य केलं. फ्रॉक आता कोरडा येतो. बोलणं अजून परत आलेलं नाही. ‘आमेन’ मात्र ती अजून म्हणते, आणि मामूंनी तेवढ्यासाठी बोलणं सोडलंय.