आधी ब्रेक, मग फ्रिज

पुण्यात जुन्या फिरत्या घराचा विषय निघाला की तो बहुधा ट्रॅव्हलरपाशी येतो. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने (२००५ पासून फोर्स मोटर्स) ही गाडी १९८७ मध्ये आणली. तिच्या पोटात ओटा, बिछाना आणि पाण्याची टाकी बसवली की संसार उभा राहतो. अशा घराचे नूतनीकरण म्हणजे सौरपट्ट्या, फ्रिज आणि नवे लाकूडकाम, ही समजूत मात्र मला मान्य नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. त्यात प्लायवूड आणि बॅटऱ्या मिळवल्या की ताम्हिणीच्या उतारावर तो सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून आधी ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, टायर आणि छताच्या सांध्यांतली गळती पाहावी. कोकणच्या पावसात पत्रा आतून गंजत जातो. वरचा ताजा रंग ते दिसू देत नाही. दिव्यांसाठी इंजिनाच्या बॅटरीपासून अलग अशी दुसरी बॅटरी हवी, नाहीतर रात्रभर वाचत बसणाऱ्याची गाडी सकाळी सुरू व्हायची नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा विवेक परका नसावा. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मागाहून आलेली भर टाकून दिलेली नाही, ती तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदली आहे. गाडीच्या बाबतीत अशी नोंद कायदाच मागतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या मनमानी बदलाला आडकाठी करते. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना हा प्रश्न उभा राहतोच. आसने काढून बिछाना बसवायचा असेल, तर परिवहन कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. विम्याचा दावाही याच मुद्द्यावर अडू शकतो.